आधी क्रियापद शोधा

बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसोबत अनेक मुलंही निघतात. काही गावीच नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. जी जातात, त्यांचं इंग्रजी व्याकरण मध्येच तुटतं. राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी अशा मुलाला वाक्य परकंच वाटतं. वाक्य-पृथक्करण इथे खरोखर कामाला येतं.

मराठीत ‘मुलीने वाघाला पाहिलं’ हे ‘वाघाला मुलीने पाहिलं’ असं फिरवलं तरी अर्थ तोच, कारण ‘ने’ आणि ‘ला’ नाती सांभाळतात. इंग्रजीत ‘द गर्ल सॉ द टायगर’ उलटं केलं की पाहणारा वाघ होतो. तिथे जागाच प्रत्ययाचं काम करते.

म्हणून फळ्यावर आधी ‘सॉ’ अधोरेखित करावं. मग मराठीच्या तासाचाच प्रश्न: पाहणारं कोण? कर्ता. काय पाहिलं? कर्म. व्याख्यांची घोकंपट्टी त्यानंतर, आणि थोडीच.

गुरुजी, बाई, वाक्यं मात्र मुलांच्या ओळखीची घ्या: कोयता, मोळी, बैलगाडी, साखर कारखाना. आणि कारखान्यावरून परतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी फळ्यापाशी बोलवा.