गल्लीतला नंबर

माणसाच्या अंगाची ऊब ओळखून बोंब ठोकणारं यंत्र मराठवाड्याच्या मे महिन्यात काय करत असेल, या एका शंकेपायी मी ते घरोघरी बसवणाऱ्या एका पोराबरोबर हिंडायला लागलो. लातूर-नांदेडकडे पारा ४२ अंशांवर गेला की बंद घराच्या भिंती दिवसभर तापतात आणि आतली खोली माणसाच्या अंगाइतकी गरम होते. घरं बंद असतात तीही याच महिन्यात. लग्नसराई, शाळांच्या सुट्ट्या, पुण्याच्या लेकाकडचा मुक्काम. ज्या दिवसांसाठी यंत्र घ्यायचं, त्याच दिवसांत ते आंधळं होत असेल तर?

"होतं की," तो म्हणाला. "स्वस्तातलं तर हमखास. पण दुकानात हे कोण सांगंल तुम्हाला?"

तो चाकूरकडचा. आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा कोर्स केला, आधी घरांचं वायरिंग, मग कॅमेरे, आता घरांचे अलार्म. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड हा त्याचा नेहमीचा रस्ता. मोटारसायकलला एका बाजूला ड्रिल मशीनची पिशवी, दुसऱ्या बाजूला वायरचं बंडल. शिडी मात्र गिऱ्हाइकाची. "आन त्याच्याकडं नसली तर त्याच्या शेजाऱ्याची."

लातुरात औसा रोडच्या बाजूला एका कॉलनीत निवृत्त मुख्याध्यापक काका आणि काकू दोन महिन्यांसाठी पुण्याला निघाले होते. तिथे पोहोचल्यावर बराच वेळ त्याने पिशवी उघडलीच नाही. मागचं दार, गच्चीचा जिना, न्हाणीघराची खिडकी, कंपाउंडच्या भिंतीवर झुकलेली पेरूची फांदी, सगळं नजरेखालून घातलं. काकू हौसेने घर दाखवत होत्या. कपाटाशी येऊन त्यांनी चावी काढली तसा तो मागे सरला. "कपाट कुठं हाय तेवढं कळालं, काकू. आत काय हाय ते मला नका सांगू." हे वाक्य मी त्याच्या तोंडून नंतरही ऐकलं, घर कुठलंही असो. पासवर्ड टाकायची वेळ आली की तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. काकांनी "एक-दोन-तीन-चार टाकू का?" असं मोठ्याने विचारलं, तेव्हा मान न वळवता म्हणाला, "आता दुसरा टाका, सर."

वायर ओढणं, केसिंग पट्टी ठोकणं, हूटर उंचावर बसवणं ही कामं भराभर उरकतात. वेळ जातो तो कोपऱ्यातल्या पांढऱ्या डबीला. हा सेन्सर स्वतः काही सोडत नाही, नुसता समोरची उष्णता पाहत बसतो. तोंडावरचं रेघारेघांचं प्लॅस्टिकचं भिंग खोलीचे पट्टे पाडतं. एखादं गरम अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकलं की आतल्या दोन तुकड्यांवर पडणाऱ्या उष्णतेत फरक पडतो, आणि फरक पडला की हूटर. अंगावर चालून येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो, म्हणून डबी दारासमोर न लावता बाजूच्या कोपऱ्यात, सातेक फुटांवर लावायची. पण भिंत आणि माणूस सारखेच तापले तर फरक उरतोच कुठे? महागड्या डबीत उष्मा वाढला की तिची नजर आपोआप तीक्ष्ण करायची सोय असते. स्वस्तातल्या डबीत ती नसते, आणि काकांनी स्वस्तातलीच आणून ठेवली होती.

दुपारी तीनला त्याने पंखे आणि कूलर बंद करायला लावले, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि आम्ही सगळे व्हरांड्यात घाम पुसत बसलो. तासाभराने तो एकटाच आत गेला. मी खिडकीच्या काचेतून पाहत होतो. सकाळी दुसऱ्याच पावलाला डबीतला लाल दिवा लागला होता. आता तो कपाटापर्यंत गेला, कपाटाला हात लावून माघारी वळला, तेव्हा कुठे दिवा लुकलुकला. बाहेर येऊन त्याने काकांना सरळ सांगितलं, "या उन्हात डबीवर भिस्त ठेवू नका. दाराच्या मॅग्नेटवर ठेवा."

मॅग्नेटचं काम सोपं. चौकटीवर रिफिलच्या तुकड्याएवढी काचेची नळी, तिच्यात धातूच्या दोन बारीक पात्या, दारावर लोहचुंबक. दार उघडलं की चुंबक लांब जातो, पात्या सुटतात. त्याला ऊन-थंडी कळत नाही. दार उघडलं की विजेच्या मंडलाने घंटा वाजवायची, ही युक्तीही जुनीच आहे: बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्याच १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस पोप याने तिचं पेटंट घेतलं होतं.

पण जुन्या घराचं दार मॅग्नेटलाही जुमानत नाही. नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या एका वाड्यात मी त्याला दोन फळ्यांच्या सागवानी दारापुढे हैराण होताना पाहिलं. बिजागऱ्या झिजून एक फळी खाली आलेली, पावसाळ्यात लाकूड फुगणार, मग चुंबक आणि नळीतलं अंतर रोज वेगळं. दगडमातीच्या जाड भिंतीत ड्रिलला नुसती माती लागत होती, गिट्टी बसवावी तर भोकातून ओघळून येत होती. दारामागे हातभर जाड अडसर होता, भिंतीतल्या खोबणीत ढकलून ठेवलेला. त्याने तो बाहेर ओढला, पुन्हा आत सारला. "याच्यापुढं माझं मशीन कायच नाही. फक्त हे लावायला आत माणूस लागतंय."

मला वाटतं, सगळा फरक तिथेच आहे. अडसराने गृहीत धरलं होतं की घरात कोणीतरी झोपलेलं आहे. अलार्म धरून चालतो की घरात कोणी नाही. मग तो वाजतो कोणासाठी? आपल्याकडच्या घरगुती अलार्मची तार पोलीस ठाण्यात जात नाही. पेटीत एक सिमकार्ड असतं, ते साठवलेल्या नंबरांवर एकामागून एक फोन लावतं. एवढंच.

त्यामुळे शेवटी तो नंबर मागतो, आणि त्या क्षणाशी माझं मन पुन्हा पुन्हा अडखळतं. काकांनी पुण्याच्या मुलाचा दिला, हैदराबादच्या मुलीचा दिला, संभाजीनगरच्या जावयांचा दिला.

"गल्लीतला एक द्या, सर."

काका थांबले. काकूंकडे पाहिलं. समोरचे बंगळुरूला, त्यांच्याही दाराला कुलूप. शेजारी भाडेकरू, नीटसे ओळखीचे नाहीत. हे थांबणं मी नांदेडातही पाहिलं. नातेवाइकांचे नंबर लोक घडाघडा सांगतात, गल्लीतल्या नंबराशी अडतात.

"दहातले नऊ वेळा हे खोटंच वाजतंय," तो म्हणाला. पडदा हलतो, मांजर शिरतं, पाल थेट भिंगावर चढते. "पहिल्यांदा वाजलं की शेजारी पळत येतो. दुसऱ्यांदा बी येतो. तिसऱ्यांदा तो उशी कानावर घेतो." दहातले नऊ हा त्याचा अंदाज, कुठल्या पाहणीतला नाही, पण ऐकल्यापासून मी त्याच्या कामाकडे वेगळं पाहू लागलो. डबीचा कोन, कूलरपासूनचं अंतर, पाल चढू नये म्हणून बुजवलेली फट, ही सगळी खटपट चोरासाठी थोडी आणि शेजाऱ्यासाठी जास्त. दहातल्या नऊ वेळा हाक खोटी असेल तर दहाव्या हाकेला कोणी उठावं, एवढी पत त्याला शिल्लक ठेवायची असते. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही. त्याला कॅमेरे हवे असतात. ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षाचाचणी पार न केलेले नवे सीसीटीव्ही कॅमेरे विकायला मनाई आली, तेव्हापासून लोक त्याचीही चौकशी करतात. शेजाऱ्याची चौकशी कोणी करत नाही. कॅमेऱ्यात चोर दिसतो खरा, पण बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी.

अखेर काकूंनाच आठवलं: कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले मामा. रात्री टपरीमागेच झोपतात. काका जरा संकोचले. त्यांना बहुधा कोणी डॉक्टर-इंजिनिअर हवा होता. पण तो पोरगा लगेच उठला. मामांना बोलावून आणलं, त्यांचा नंबर मुलाच्या नंबराच्याही वर टाकला, आणि हूटर एकदा वाजवून त्यांना आवाज ऐकवला.

"वाजलं तर मी काय करू?" मामांनी विचारलं.

"आत पाय ठेवायचा नाही. लाईट लावायची, चौघांना हाका मारायच्या, ११२ ला फोन करायचा. आन खोटं वाजलं तर मला शिव्या द्यायच्या, पर दुसऱ्या बारीला बी उठायचं."

बिलात डब्या, मॅग्नेट, वायर आणि पॉइंटमागे मजुरी एवढंच लिहिलं होतं. काकांनी मजुरीतले दोनशे कमी करायला लावले. त्याने केले, पण पैसे खिशात घालताना मामांचा महिन्याचा रिचार्ज मुलाने भरायचा, हे काकांकडून कबूल करून घेतलं.