वर्तुळातील अक्षराची पत

अमेरिकेतील किराणा दुकानातून बिस्किटांचा पुडा उचलला, तर वेष्टनाच्या कोपऱ्यात अनेकदा एक चिमुकले चिन्ह आढळते. कधी वर्तुळात इंग्रजी 'यू' हे अक्षर, कधी ताऱ्यात 'के'. घाईतल्या ग्राहकाच्या ते नजरेसही पडत नाही. धर्मनिष्ठ ज्यू कुटुंब मात्र तो पुडा घरात आणायचा की नाही, हे त्या चिन्हावरूनच ठरवते. आतला पदार्थ धर्मनियमांत बसतो किंवा नाही, हे पाहून किंवा चाखून कळत नाही. आपल्या वतीने कोणीतरी कारखान्यात जाऊन खात्री केली आहे, हा भरवसाच तेवढा असतो. हा भरवसा कशावर उभा राहतो?

नियम जुने, पदार्थ नवे

'कोशर' या हिब्रू शब्दाचा अर्थ योग्य, ग्राह्य. रवंथ करणारे आणि दुभंगलेल्या खुरांचे प्राणी ग्राह्य, डुक्कर वर्ज्य. पर आणि खवले असलेले मासे चालतात. कोळंबी व खेकडे चालत नाहीत. प्राण्याचा वध ठरावीक पद्धतीनेच व्हावा लागतो आणि रक्त निषिद्ध असते. मांस व दूध एकत्र शिजवता वा खाता येत नाही. या दोहोंत न मोडणाऱ्या पदार्थांना 'पारेव्ह' म्हणतात.

कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाविषयी एक परंपरागत कथा सांगितली जाते. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने तेथील स्त्रियांपुढे मासे ठेवले, त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले आणि त्यावरून त्याने त्यांना आपले धर्मबांधव म्हणून ओळखले. मासा समोर असेल तर खवले डोळ्यांना दिसतात. पाकिटातील ग्लिसरीन चरबीपासून आले की वनस्पती तेलापासून, हे मात्र कोणत्याही डोळ्याला दिसत नाही. प्रमाणपत्राची गरज निर्माण झाली ती इथेच.

कोका-कोलाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. अटलांटा येथील धर्मगुरू टोबियस गेफेन यांना कंपनीने गुप्ततेच्या अटीवर पेयातील घटकांची माहिती दिली. तीत प्राणिज चरबीपासून काढलेले ग्लिसरीन आढळले. त्याचे प्रमाण अत्यल्प होते. वर्ज्य पदार्थ चुकून पडला आणि साठाव्या हिश्शाहून कमी असला, तर तो सामान्यतः नगण्य मानण्याची तरतूद ज्यू धर्मशास्त्रात आहे. पण येथे तो हेतुपुरस्सर घातला जात असल्याने ही सवलत लागू होणार नाही, असा निर्णय गेफेन यांनी दिला. कंपनीने वनस्पतिजन्य ग्लिसरीन वापरण्यास सुरुवात केली आणि १९३५ मध्ये गेफेन यांनी पेयाला मान्यता दिली.

शिशाच्या शिक्क्यापासून वर्तुळापर्यंत

विश्वासार्ह व्यवस्था उभी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मात्र फसला होता. न्यूयॉर्कमधील काही ज्यू मंडळांनी १८८८ मध्ये जेकब जोसेफ यांना मुख्य धर्मगुरू म्हणून पाचारण केले. त्यांनी तपासलेल्या कोंबडीला शिशाचा शिक्का लावण्याची पद्धत सुरू केली आणि त्यासाठी एक सेंट आकारला. झारच्या रशियात कोशर मांसावर बसणाऱ्या करातून सुटून आलेल्या लोकांना हा तोच जुना कर वाटला. खाटीक आणि प्रतिस्पर्धी धर्मगुरूही विरोधात गेले. योजना कोलमडली.

पाकीटबंद पदार्थांच्या बाबतीत चित्र पालटले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या 'ऑर्थोडॉक्स युनियन'चे चिन्ह १९२३ मध्ये हाइन्झ कंपनीच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यावर उमटले. वर्तुळातील 'यू' तो हाच. पुढे 'ओके', 'कॉफ-के', 'स्टार-के' अशा संस्था उभ्या राहिल्या.

कारखान्यात काय तपासतात?

प्रमाणपत्र मागणाऱ्या कंपनीला प्रत्येक घटक आणि त्याचा पुरवठादार कळवावा लागतो. जिलेटिन कशाचे, चीजमधील रेनेट वासराच्या जठरातील की सूक्ष्मजीवांपासूनचे, लाल रंग कीटकांपासून तर बनलेला नाही, असे प्रश्न विचारले जातात. मग 'मश्गियाख' म्हणजे निरीक्षक कारखान्यात जातो. त्याच यंत्रावर पूर्वी काय शिजले, वाफेची नळी दुसऱ्या विभागातून तर येत नाही, तेलाच्या टँकरमधून आधी काय वाहिले गेले, हेही तो पाहतो. आवश्यक तेथे यंत्रे रिकामी ठेवून उकळत्या पाण्याने शुद्ध केली जातात. पुढील भेटी बहुधा पूर्वसूचनेशिवाय होतात.

या व्यवस्थेतील नाजूक दुवा पैशाचा आहे, कारण शुल्क उत्पादकच भरतो. म्हणूनच निरीक्षकाचे वेतन कारखान्याने नव्हे, तर प्रमाणन संस्थेने द्यावे, हा चांगल्या संस्थांचा दंडक आहे. दुसरा अंकुश परस्परावलंबनाचा. एका संस्थेने मान्य केलेला स्वाद दुसऱ्या संस्थेच्या देखरेखीखालील बिस्किटात जातो. एकीची ढिलाई दुसरीच्या नावाला बट्टा लावू शकते, म्हणून संस्था एकमेकींवरही लक्ष ठेवतात.

तरीही फसवणूक होते. न्यूयॉर्क राज्यातील मन्सी येथे २००६ मध्ये एका दुकानदाराने साध्या कोंबड्या कोशर म्हणून विकल्याचे उघड झाले. गिऱ्हाइकांना आपल्या स्वयंपाकघरांतील भांडी पुन्हा शुद्ध करावी लागली.

कायदा कुठे थांबतो?

न्यूयॉर्कमध्ये कोशर पदार्थांतील फसवणुकीविरुद्ध १९१५ पासून कायदा होता. पण 'कोशर' म्हणजे काय हे सरकारने ठरवणे हा धर्मात हस्तक्षेप आहे, अशा आधारावर संघराज्याच्या अपील न्यायालयाने २००२ मध्ये त्याच्या तरतुदी रद्द ठरवल्या. २००४ च्या नव्या कायद्याने भर दिला तो माहिती उघड करण्यावर, म्हणजे माल कोणी प्रमाणित केला हे सांगण्यावर. निवाडा ग्राहकाने करावा. म्हणूनच केवळ 'के' या अक्षरावर जाणकार थांबत नाहीत. सुटे 'के' हे अक्षर कोणा एका प्रमाणन संस्थेचे नोंदणीकृत चिन्ह नाही. ते कोणीही छापू शकतो. नोंदणीकृत चिन्हामागे मात्र उत्तरदायी संस्था असते.

परदेशी स्थायिक झालेली काही भारतीय शाकाहारी कुटुंबेही या चिन्हाकडे पाहतात. त्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. भारतातील हिरवा ठिपका सरकारी नियमाने बंधनकारक आहे आणि तो शाकाहारापुरताच बोलतो. कोशर चिन्ह ऐच्छिक आहे आणि शाकाहाराची हमी देत नाही. 'पारेव्ह' पदार्थात अंडे वा मासा असू शकतो, कोशर जिलेटिन माशाचे असू शकते. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनीही 'पारेव्ह' शब्दावर विसंबू नये. ती धार्मिक वर्गवारी आहे, वैद्यकीय नव्हे.

भारतातील मसाले व खाद्यघटकांचे अनेक निर्यातदारही आज हे प्रमाणपत्र घेतात. त्यांच्या मालाबाबतही प्रश्न तोच असतो. चिन्हामागे कोण उभे आहे आणि चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा? याचे उत्तर जेवढे स्पष्ट, तेवढीच त्या अक्षराची पत.