मेगर टेस्ट: मोटरचे इन्सुलेशन कसे तपासतात

अचलपूर-परतवाडा पट्ट्यातल्या संत्राबागांना पाणी देणारे बहुतेक विद्युतपंप थ्री-फेज, ४१५ व्होल्टचे.

मेगर: इन्सुलेशनचा रोध मेगाओममध्ये दाखवणारे उपकरण. ब्रिटनमधील एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीने हे नाव १९०३ मध्ये नोंदवले.

चाचणी: १,००० व्होल्टखालच्या मोटरला ५०० व्होल्ट डीसी, वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये. आकडा १ मिनिटाने वाचायचा.

किमान: ‘आयईईई ४३’ मानकानुसार अशा मोटरला ४० अंश सेल्सिअसला ५ मेगाओम. तापमान १० अंशांनी वाढले की रोध साधारण निम्मा होतो. त्यामुळे तापमानाच्या नोंदीविना आकडा अपुराच.

हायपॉट (उच्च व्होल्टेजची चाचणी) निराळी: नव्या मोटरला दुप्पट व्होल्टेज अधिक १,०००, म्हणजे ४१५ व्होल्टला १,८३० व्होल्ट एसी, १ मिनिट. कमकुवत इन्सुलेशन यात फुटू शकते. ही कारखान्यातली किंवा सुसज्ज वर्कशॉपमधली चाचणी. बांधावर करायची नव्हे.

बोअरची मोटर: पॅनलवरून घेतलेल्या आकड्यात केबल आणि जॉइंटही येतात. आकडा कमी म्हणजे मोटर जळालीच असे नाही. जॉइंटमध्ये पाणी शिरलेले असू शकते. पंप वर काढून, जॉइंट सोडवून, मोटर आणि केबल वेगवेगळी मोजतात.

सुरक्षा, सर्वांत महत्त्वाची:
- शेतीची वीज पाळीने येते. ‘आत्ता लाइन नाही’ म्हणजे पुरवठा तोडला असे नव्हे. मेन स्विच बंद, फ्यूज बाहेर, पेटीला कुलूप.
- टेस्टरने खात्री. मगच मोटरच्या तारा स्टार्टर किंवा ड्राइव्हपासून सोडवायच्या.
- चाचणी चालू असताना टर्मिनलला हात नाही.
- नंतरही वाइंडिंगमध्ये विद्युतभार उरतो. चाचणीच्या किमान चौपट वेळ ते अर्थला जोडून ठेवायचे.