शाळेची निवड आणि निवडणारे

मूल तीन वर्षांचे होण्यापूर्वीच मध्यमवर्गीय घरांतून त्याच्या शाळेची चर्चा सुरू होते. या चर्चेत जिल्हा परिषदेची वा नगरपालिकेची शाळा बहुधा विचारातही घेतली जात नाही. खाजगी शाळांपैकी कोणती, एवढाच प्रश्न उरतो. विशेष हे की, अशी चर्चा करणाऱ्यांत जिल्हा परिषदेचे शिक्षक असतात आणि पंचायत समितीतील कारकूनही असतात. ज्या शाळेच्या हजेरीपत्रकावर सही करून वेतन घ्यावयाचे, तिच्या पटावर आपल्या मुलाचे नाव मात्र घालावयाचे नाही, हा व्यवहार आता पुरता अंगवळणी पडला आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. सुधीर अगरवाल यांनी या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्यांची आणि लोकप्रतिनिधींची मुले सरकारी प्राथमिक शाळांत शिकतील अशी व्यवस्था करावी, असा आदेश त्यांनी उत्तर प्रदेश सरकारला दिला. तो अमलात आला नाही, आणि यावयाचाही नव्हता. पालकाचा निवडीचा हक्क हुकमाने काढून घेऊ नये हेच खरे. परंतु न्यायमूर्तींचे निदान चुकले नव्हते. ज्यांच्या अर्जाची दखल घेतली जाते त्यांची मुले शाळेतून गेली, की गळक्या छपराविषयी अर्ज करणारेही गेले.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे ओळखूनच शेजारशाळेची कल्पना मांडली होती. परिसरातील सर्व मुलांनी, मग ती कोणत्याही जातीची वा ऐपतीची असोत, एकाच शाळेत शिकावे, ही ती कल्पना. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. अहवालाचा गौरव पुष्कळ झाला. शेजारशाळा मात्र कागदावरच राहिली.

तिची एक पुसट छाया २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात उतरली. खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, असे त्यात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलले आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला या बंधनातून सूट दिली. जवळ आमची शाळा आहे, ती तुम्हाला पुरेशी आहे, असे शासन गरिबाला सांगत होते. तीच शाळा शासनाच्या अधिकाऱ्यांच्या मुलांना मात्र पुरेशी वाटत नव्हती! जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला, हे योग्यच झाले.

खाजगी शाळेकडे वळणाऱ्या पालकाला दोष देणे सोपे आहे. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळावयाच्या आणि निवडणूक व जनगणना आली की तीही कामे करावयाची, हे चित्र पाहणारा पालक धास्तावणारच. इंग्रजीची ओढही खोटी नाही. मात्र तालुक्याच्या गावी निघालेल्या अनेक इंग्रजी शाळांत तुटपुंज्या पगारावरील शिक्षिकेलाच इंग्रजी परके असते. तेथे मूल पाठ करते, आणि घरी ते काय म्हणत आहे हे आईला कळत नाही. टाय आणि बस यांचे पैसे मोजताना हे कोणी विचारीत नाही.

घरीच शिकविण्याचा तिसरा मार्गही काही सुशिक्षित कुटुंबे स्वीकारू लागली आहेत. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य, असे कायदा म्हणतो. न घातल्यास शिक्षा सांगत नाही. वयाच्या चौदाव्या वर्षानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देता येते. पण त्यासाठी घरातील एका माणसाने (बहुधा आईनेच) आपली नोकरी बाजूला ठेवावी लागते. मोलमजुरी करणाऱ्या घराला ही निवड उपलब्धच नाही.

सरकारी शाळा सुधारण्याचे एक साधन त्याच कायद्यात आहे. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती असावी, तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि शाळेचा विकास आराखडा तिने करावा, अशी तरतूद आहे. आज या समित्यांत बसतात ते शेतमजूर, विटभट्टीवरील कामगार, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया. हिशेब वाचणे, पंचायत समितीकडे पत्रव्यवहार करणे, शिक्षकाचे रिक्त पद भरून घेणे ही कामे त्यांच्याकडून अपेक्षिली जातात. ज्यांना ती हातखंडा जमतात, त्या शिक्षकांची आणि कारकुनांची मुले त्या वेळी खाजगी शाळेच्या बसमध्ये असतात.