पडद्यांचं दुकान काढताय? आधी उसाचं बिल कधी पडतं ते विचारा

परवाच्या व्हिडिओत घाईत सुटलेला मुद्दा इथे लिहून देतो.

पहिल्या दिवाळीला मी पावणेदोन लाखांचे पडदे आणि सोफा कव्हर उधारीवर भरले. मुदत ४५ दिवस. गिऱ्हाईक यायचं, कापड चिमटीत धरून बघायचं आणि म्हणायचं, "छान आहे, बिल पडलं की येतो." आपल्या नेवासा, राहाता, कोपरगाव पट्ट्यात बिल म्हणजे उसाचं. गाळपच दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण त्या भरवशावर चेक लिहायचा नसतो. माझ्या चेकची तारीख आधी आली. थोरल्या भावाकडून उसने घेतले. अजूनही त्यांच्यासमोर मी त्या दिवाळीचा विषय काढत नाही.

आता दिवाळीला हलका माल ठेवतो: चादरी, उशांचे अभ्रे, पायपुसणी. गाद्या आणि जाड पडदे जानेवारीनंतर, लग्नसराईसाठी. दुधाच्या दहा दिवसांच्या पगारावर चादर विकली जाते, सोफा कव्हरचा सेट नाही. आणि पाऊस बघायचा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पाथर्डी-शेवगावकडे अतिवृष्टी झाली. अशा वर्षी तिकडचं गिऱ्हाईक आधी घर सावरणार, पडद्यांचं मग बघू.

शिर्डीच्या लॉजना पांढऱ्या चादरी बारमाही लागतात, हे खरं. पण तिथे भाव घासून घेतात आणि उधारीही मागतात. नवख्याने जपून.

आता जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या चादरी-पडद्यांना ५ टक्के, त्यावर १८ टक्के. आधी ही रेषा १,००० वर होती आणि वर १२ टक्के. गणित करा. २,४०० ची चादर करासकट २,५२० ला पडते. २,६०० ची ३,०६८ ला! मूळ भावात फरक २०० चा, गिऱ्हाइकाच्या खिशाला ५४८ चा. मधला माल मी भरतच नाही. एक तर २,५०० च्या आत, नाहीतर सरळ चार हजारांच्या वरचा, जिथे गिऱ्हाईक कराकडे बघत नाही. गाद्यांचे दर प्रकारानुसार वेगळे, ते सीएला विचारा.

माल भरण्याआधी एवढं करा: तुमच्या दहा कोसांतल्या कारखान्याने गेल्या हंगामात पहिला हप्ता कोणत्या तारखेला दिला, ते पाच शेतकऱ्यांना विचारून वहीत लिहा. व्यापाऱ्याशी उधारीची मुदत त्या तारखेनंतरची ठरवा. तो तयार नसेल, तर निम्माच माल घ्या.