एफ. एम. रेडिओ आणि डोंगराआडची गावे

पावसाचा अंदाज वेळेवर कानी पडला, तर कपाशीवरील फवारणी धुऊन जाण्याचे टळते. परंतु रेडिओ प्रत्येक गावी सारखाच ऐकू येत नाही. धुळे आकाशवाणीच्या १००.५ मेगाहर्ट्झवरील एफ. एम. लहरी मध्यम लहरींप्रमाणे जमिनीलगत वळत जात नाहीत. त्या बहुतांशी सरळ रेषेत जातात. म्हणून शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या, तर साक्री तालुक्यात सह्याद्रीच्या रांगांआड त्या क्षीण होतात. जळगावच्या एफ. एम. केंद्रांनाही हाच नियम लागू आहे.

सपाट प्रदेशातही पृथ्वीच्या गोलाईमुळे मर्यादा पडते. १०० मीटर उंच मनोऱ्यावरील लहरींची सरळ पोच सुमारे ४१ किलोमीटर असते. ऐकणाऱ्याचे एरियल जमिनीपासून ९ मीटर उंच असल्यास तीत सुमारे १२ किलोमीटरांची भर पडते.

यास्तव केंद्र अस्पष्ट ऐकू येत असल्यास धाब्यावर बांबूस एरियल बांधावे. विजेच्या तारांपासून ते दूर ठेवावे व वादळापूर्वी उतरवावे. डोंगराची आड पूर्ण असेल, तेथे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हवामानाची सूचना दूरध्वनीने मिळवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहावी.