मुंबईची हरवलेली ३९ मिनिटे

मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. वर्षभराची सरासरी काढली, तर त्या क्षणी १२ वाजून ३९ मिनिटे झालेली असतात. याचे कारण मुंबईकरांच्या मनगटावरचे घड्याळ मुंबईच्या सूर्याप्रमाणे चालत नाही. ते उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरच्या सूर्याप्रमाणे चालते. आज या गोष्टीचे कोणालाच नवल वाटत नाही. मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच ३९ मिनिटांवरून या शहरात गिरण्यांवर दगडफेक झाली, हजारो नागरिकांनी अर्जांवर सह्या केल्या आणि महापालिकेच्या सभागृहात वादळी चर्चा झडल्या.

हे प्रकरण समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. त्यामुळे पूर्वेकडच्या गावी मध्यान्ह आधी होते, पश्चिमेकडच्या गावी नंतर. नागपूर आणि मुंबई यांच्या रेखांशांत सुमारे सव्वासहा अंशांचा फरक आहे. साहजिकच नागपूरची दुपार मुंबईच्या दुपारीपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी होते. बैलगाडीच्या काळात या फरकाशी कोणाला कर्तव्य नव्हते. प्राचीन भारतीय ज्योतिषांनी उज्जैनचे रेखावृत्त मूळ धरून गणित मांडले होते आणि पंचांगकर्ते गावागावांच्या फरकाचा हिशेब ठेवत होते. परंतु तो हिशेब मुहूर्तापुरता होता. घटिकापात्र बुडाले की घटका झाली, एवढे गावाला पुरेसे होते.

रेल्वे आली आणि ही सोय संपली. प्रत्येक स्थानकाची वेळ निराळी असेल, तर एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांचे वेळापत्रक कसे आखायचे? ब्रिटनमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० साली आपल्या सर्व स्थानकांवर लंडनची वेळ लागू केली. लंडनहून सुमारे दहा मिनिटे मागे असलेल्या ब्रिस्टल शहराने यावर मजेदार तोडगा काढला. तेथील कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे बसवण्यात आले, एक ब्रिस्टलचा, एक लंडनचा. ते घड्याळ आजही पाहायला मिळते.

कायदा मात्र रेल्वेच्या मागून, रेंगाळत आला. १८५८ साली डॉर्चेस्टर येथील एका खटल्यात न्यायाधीश सकाळी दहाला आसनस्थ झाले. प्रतिवादीचा वकील हजर नाही म्हणून त्यांनी वादीच्या बाजूने निकाल देऊन टाकला. काही मिनिटांतच वकील धापा टाकत आला आणि म्हणाला, गावाच्या घड्याळात अजून दहा वाजलेलेच नाहीत. न्यायालयाचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होते आणि गावाचे गावाच्या वेळेवर. वरिष्ठ न्यायालयाने वकिलाचे म्हणणे मान्य केले. दहा म्हणजे त्या गावचे दहा, असा निर्वाळा मिळाला. संपूर्ण ग्रेट ब्रिटनसाठी ग्रीनिचची वेळ कायद्याने लागू व्हायला त्यानंतर आणखी २२ वर्षे, म्हणजे १८८० साल उजाडावे लागले.

अमेरिकेत तर रेल्वे कंपन्यांनी सरकारची वाटही पाहिली नाही. १८ नोव्हेंबर १८८३ या रविवारी त्यांनी आपापल्या घड्याळांचे काटे नव्या प्रमाणवेळांनुसार फिरवले. काही शहरांत त्या दिवशी दुपारचे बारा दोनदा वाजले. अमेरिकी संसदेने या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केले ते १९१८ साली, तब्बल ३५ वर्षांनी.

१८८४ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन येथे २५ देशांचे प्रतिनिधी जमले. जगाचे कालविभाग याच परिषदेने आखले, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. परिषदेने ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानावे असा ठराव २२ विरुद्ध एक मतांनी केला. फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. कोणत्या देशाने आपले घड्याळ कसे लावावे, हे ठरवण्याचा अधिकार परिषदेने प्रत्येक देशाकडेच ठेवला. फ्रान्सचा रुसवा पुढे २७ वर्षे टिकला. १९११ साली त्या देशाने अखेर ग्रीनिचची वेळ स्वीकारली, पण कायद्यात ग्रीनिचचे नावही येऊ दिले नाही. ‘पॅरिसच्या वेळेतून ९ मिनिटे २१ सेकंद वजा’, अशी शब्दयोजना करून त्याने आपली लाज राखली.

भारतात या काळात तीन वेळा प्रमुख होत्या. ग्रीनिचच्या पुढे मुंबई ४ तास ५१ मिनिटे, मद्रास ५ तास २१ मिनिटे आणि कलकत्ता ५ तास ५३ मिनिटे. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा होती आणि ते मुंबई व कलकत्ता यांच्या साधारण मध्ये पडत असे. म्हणून रेल्वेने आणि तारखात्याने मद्रासची वेळ पत्करली. गाडी पकडायची असेल, तर मुंबईकराला अर्धा तास पुढचे गणित करावे लागे. एवढ्यावर कोणाची तक्रार नव्हती. गाडी रेल्वेच्या वेळेने आणि शहर शहराच्या वेळेने, अशी वाटणी लोकांनी स्वीकारली होती.

वाद पेटला तो ही वाटणी मोडण्याचा प्रयत्न झाला तेव्हा. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लागू केली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे गव्हर्नर. कचेरी अर्धा तास आधी उघडणार म्हटल्यावर कारकुनापासून व्यापाऱ्यापर्यंत सर्वांची दिनचर्या ढवळून निघाली. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, यावरही वाद रंगला. दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

दुसरा प्रयत्न मोठा होता आणि त्याची घटिका अत्यंत चुकीची निवडली गेली. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे अशी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. शास्त्रीयदृष्ट्या या निर्णयात खोट काढण्याजोगे फारसे नव्हते. परंतु जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी, १६ ऑक्टोबर १९०५ रोजी, लॉर्ड कर्झन यांनी बंगालची फाळणी अमलात आणली होती. स्वदेशी आणि बहिष्काराच्या घोषणांनी देश दुमदुमत होता. अशा वेळी सरकारने लोकांना न विचारता त्यांच्या घड्याळाला हात घालावा, हे कोणाला रुचणार?

गिरणी कामगारांची अडचण तर अगदी रोकडी होती. विजेचे दिवे आल्यापासून गिरण्यांचा दिवस आधीच लांबला होता. सूर्य उगवायचा तेव्हाच उगवणार आणि भोंगा मात्र ३९ मिनिटे आधी वाजणार, म्हणजे झोपेला कात्री लागणार, हे कामगाराला समजावून सांगावे लागले नाही. जानेवारी १९०६ मध्ये काही हजार कामगारांनी माग बंद ठेवून गिरण्यांवर दगड फेकले. त्यापाठोपाठ शहरातील १५ हजारांहून अधिक नागरिकांनी विरोधाच्या अर्जांवर सह्या केल्या. महापालिकेने आरंभी नवी वेळ स्वीकारली होती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तिने तो निर्णय फिरवला आणि पालिकेची घड्याळे पुन्हा मुंबईच्या वेळेवर आली. पालिकेतील या विरोधात सर फिरोजशहा मेहता अग्रभागी होते. लोकांना विश्वासात न घेता त्यांच्यावर वेळ लादली गेली, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. सरकारी तज्ज्ञांना हा सारा अडाणीपणा वाटला. पण मुंबईकरांचा प्रश्न खगोलशास्त्राचा नव्हताच. शहराची वेळ कोणी ठरवायची, एवढेच ते विचारत होते.

यानंतर मुंबई चाळीसहून अधिक वर्षे दोन घड्याळांवर जगली. रेल्वे, टपाल, सरकारी कचेऱ्या प्रमाणवेळेवर. पालिका आणि शहरातील कितीतरी व्यवहार मुंबईच्या वेळेवर. भेटीची वेळ ठरली की ‘कोणता टाइम?’ हा प्रश्न ओघाने यायचाच. लग्नपत्रिकांत मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ ही अक्षरे छापण्याची पद्धत त्या दिवसांची आठवण आहे. कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत जपली. मुंबईने आपली वेळ सोडली ती स्वातंत्र्यानंतर आणखी काही वर्षांनी. परक्या सरकारला विरोध म्हणून जपलेल्या वेळेचे प्रयोजन स्वराज्यात उरले नव्हते.

सरकार एखाद्या शहराचे घड्याळ पुढे सरकवू शकते, तर संपूर्ण देशाचे घड्याळ ऋतुमानानुसार मागेपुढे का करू नये? ‘डेलाइट सेव्हिंग’ची कल्पना नेमकी हीच. अमेरिकेत नातेवाईक असलेल्या मराठी घरांना तिचा अनुभव वर्षातून दोनदा येतो. हिवाळ्यात न्यूयॉर्क मुंबईच्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदल विसरलेल्या एखाद्या आजीचा दूरध्वनी नातवाला तासभर आधी किंवा उशिरा जातो.

या कल्पनेचे जनकत्व अनेकदा बेंजामिन फ्रँकलिन यांना दिले जाते. त्यांनी १७८४ साली लिहिले ते पॅरिसकरांच्या उशिरा उठण्यावरचे विनोदी पत्र होते आणि त्यात घड्याळ बदलण्याचा प्रस्तावच नव्हता. खरा प्रस्ताव १८९५ मध्ये न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी मांडला. ते टपाल खात्यात नोकरीला होते आणि कीटकांचा अभ्यास हा त्यांचा छंद. कामावरून सुटल्यावर कीटक गोळा करायला उजेड उरावा, ही त्यांची साधी इच्छा. इंग्लंडमध्ये विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकाने १९०७ साली पुस्तिका काढून हाच विषय लावून धरला. संसदेने त्यांना दाद दिली नाही आणि १९१५ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ रोजी, महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी घड्याळे पुढे केली. तीन आठवड्यांत ब्रिटननेही शत्रूचा कित्ता गिरवला.

भारतानेही हा प्रयोग करून पाहिला आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाची प्रमाणवेळ एक तास पुढे, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होती. शांतता आली आणि काटे पूर्ववत झाले.

या पद्धतीने खरोखर किती वीज वाचते, याविषयी आता तज्ज्ञांतच एकमत नाही. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात २००६ मध्ये ही पद्धत सर्वत्र लागू झाल्यावर झालेल्या अभ्यासात घरगुती विजेचा वापर सुमारे एक टक्क्याने वाढल्याचेच आढळले. दिव्यांचा खर्च घटला, पण वातानुकूलन यंत्रांचा त्याहून अधिक वाढला. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये ही प्रथा बंद करण्याच्या बाजूने मतदान केले, तरी सदस्य देशांचे एकमत न झाल्याने ती चालूच राहिली. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ स्वीकारली आणि हिवाळ्यातील काळोख्या सकाळींना कंटाळून २०१४ मध्ये ती सोडली. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतांश देशात ही पद्धत मोडीत काढली. इजिप्तने २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू केली.

विषुववृत्ताच्या तुलनेने जवळ असलेल्या भारताला या उन्हाळी-हिवाळी खेळाची फारशी गरज नाही. भारताचा प्रश्न पूर्व-पश्चिम विस्ताराचा आहे. गुजरातच्या टोकापासून अरुणाचलच्या टोकापर्यंत सुमारे २९ रेखांश आहेत, म्हणजे सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचा फरक. जूनमध्ये गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास उजाडते, तेव्हा मुंबईला सूर्योदयासाठी आणखी दीड तास असतो. डिसेंबरमध्ये तेथे दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो. कचेरीतले शेवटचे तास दिव्यांच्या उजेडात जातात आणि पहाटेचा लख्ख उजेड वाया जातो. आसामच्या चहामळ्यांनी यावर ब्रिटिश काळापासूनच आपला उपाय शोधून ठेवला आहे. तेथे प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेला ‘बागान टाइम’ चालतो. १९५१ च्या मळे कामगार कायद्यातही स्थानिक वेळेची तशी मुभा होती.

ईशान्येला वेगळी वेळ द्यावी, ही मागणी त्यामुळे पुन:पुन्हा पुढे येते. २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने यासंबंधीची जनहित याचिका फेटाळली. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी साडेपाच आणि साडेसहा तासांच्या दोन प्रमाणवेळांचा आराखडा मांडला. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने सामरिक कारणे देऊन दोन वेळांची कल्पना नाकारली. दुसरा एक प्रस्ताव बंगळूरच्या अभ्यासकांचा आहे. देशाचे विभाजन करू नका, सर्वांचेच घड्याळ कायमचे अर्धा तास पुढे करा, असे ते सुचवतात. संध्याकाळच्या विजेची त्यातून मोठी बचत होईल, असा त्यांचा हिशेब आहे.

ईशान्येला त्यातून निम्मा दिलासा मिळेल. मुंबईला मात्र जानेवारीतला सूर्योदय पावणेआठच्या सुमारास पाहावा लागेल. सकाळच्या सातच्या शाळेची मुले अंधारात घर सोडतील, पहिला तास अंधारातच सुरू होईल आणि सूर्य माथ्यावर येईल तेव्हा शहरातल्या घड्याळांत एक वाजून नऊ मिनिटे झालेली असतील. दोन वेळांच्या आराखड्यात मुंबईचे काहीच बदलत नाही. त्याची सीमारेषा बंगाल आणि आसाम यांच्या वेशीवर, देशाच्या अगदी चिंचोळ्या भागातून जाते. तेथे गाड्यांची वेळ बदलावी लागेल ती अलिपूरदुआर आणि न्यू कूचबिहार या दोनच स्थानकांवर.